कुंपणाच्या बाहेरचे

माणसांना जिथे कोंडून ठेवलं होतं, ती जागा पाहायला माणसं का जातात? धायरीत राहणारे आम्ही काही उर्दू शिक्षक यंदा आठवी-नववीच्या सहलीचा बेत करायला बसलो आणि या प्रश्नात अडकलो.

पहिलं नाव निघालं अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्याचं. उर्दू शिक्षकांच्या बैठकीत ते निघणारच. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या मौलाना आझाद, नेहरू, पटेल आदी नेत्यांना तिथे ठेवलं होतं. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं मौलानांनी तिथेच लिहिली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. सरकारपुढे हात पसरायचा नाही, असं ठरवून मौलाना आतच राहिले होते. हे मुलांना सांगताना आमचा गळा आजही दाटतो. पण खरं सांगायचं तर त्या खोलीसमोर आम्ही उभे राहतो ते अभिमानाने. कैदी आमचा, कोंडणारा इंग्रज. आपल्याकडे बोट वळेल असं तिथे काहीच नाही.

एका सहकाऱ्याने दुसरं नाव घेतलं, सोलापूरच्या सेटलमेंटचं. अंतर दुप्पट, आणि पाहायला किल्ला नाही की संग्रहालय नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो देशभर लावण्याची सोय केली. कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट अशा जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात अशांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. बायकापोरांसकट माणसं आत. रोजची हजेरी, बाहेर पडायला पास. गिरणीत कामाला जायचं आणि पुन्हा कुंपणात यायचं. आम्हीही वर्गात रोज सकाळी हजेरी घेतो. शब्द तोच आहे.

हिटलरच्या छळछावण्यांबद्दल मुलं शाळेत शिकतात. ज्यूंच्या संहाराविषयी त्यांना ठाऊक असतं. पण ओश्विट्झ-बिर्केनाऊमध्ये रोमा लोकांच्या कुटुंबांसाठीही वेगळा विभाग होता आणि ऑगस्ट १९४४ मध्ये तिथे उरलेल्यांना ठार मारण्यात आलं, हे सहसा सांगितलं जात नाही. हे भटके लोकही रक्तानेच गुन्हेगार मानले गेले होते. सोलापुरात गॅसच्या कोठड्या नव्हत्या. तुलना तिथे थांबते, थांबवलीच पाहिजे. पहिली पायरी मात्र सारखी दिसते. गुन्हा माणसाचा नाही, त्याच्या जातीचा आहे, असं ठरवायचं. हे नुसत्या कायद्याने होत नाही. तारेबाहेरच्या शेजाऱ्यांनाही ते पटावं लागतं.

बेत कानावर गेल्यावर एक पालक म्हणाले, "सर, तिथे काय बघायचंय? आणि नेलंतच तर पोरांच्या खिशांकडे लक्ष ठेवा." माणूस भला, पाच वक्ताचा नमाजी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती देशभर विमुक्त झाल्या. आमच्या पालकांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

आणि हे 'ते लोक' तरी कोण? विमुक्तांच्या यादीत छप्परबंद आहेत, आणि छप्परबंद मुसलमान आहेत. नावात छप्पर शाकारण्याचा धंदा, इंग्रजी दप्तरात मात्र खोटी नाणी पाडणारे. सोयरिकीच्या बोलण्यात "खानदान कोणतं?" असं विचारलं जातं, तेव्हा आपण कोणतं दप्तर उघडत असतो? धायरीत भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्याबरोबर "कळवतो" हे उत्तर आम्ही ऐकलेलं आहे. ते बोचतं. पण आपण स्वतः संशय घेतो तेव्हा तो आपल्याला अनुभवाचा शहाणपणा वाटतो. बापाच्या गुन्ह्याचं ओझं लेकावर टाकू नये, हे आम्ही मकतबात शिकलो होतो. तो धडा आम्ही फक्त आपल्यासाठी मागायचा का?

म्हणून आमचा कौल सोलापूरला आहे. अडचण वेगळीच आहे. तिथे माणसं नांदतात. वस्तीच्या नावातच अजून 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. चाळीस मुलं बसमधून उतरवून "हे बघा" म्हणायचं, म्हणजे पुन्हा हजेरी घेण्यासारखंच. मग असं सुचलं की आधी तिथल्या कुणा जाणत्याला शाळेत बोलवावं, त्यांनी या म्हटलं तरच जावं, मोबाइल बसमध्येच ठेवावेत. यावर आमच्यातल्या एका बाईंचा आक्षेप, की आपली मुलं शहाणी व्हावीत म्हणून त्या माणसाने आपल्या आजोबांचा अपमान आपल्यापुढे का उगाळावा? याला आमच्याकडे चोख उत्तर नाही. निदान विचारू तर, नाही म्हणायचा हक्क त्यांचा, एवढंच ठरलं. त्याआधी मुलांना लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचून दाखवायचं आहे. मराठीतूनच, अडेल तिथे उर्दूत समजावून.

तारीख जानेवारीतली धरली आहे. पालकांच्या संमतिपत्रावर नुसतं 'सोलापूर' लिहायचं की पुढे 'सेटलमेंट'ही, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.