जुन्या खेळण्याचा जीर्णोद्धार

घरांत एकादी वस्तु मोडली म्हणजे तिचें काय करावयाचें हें आपण बहुधा विचार न करतांच ठरवितों. कोयता बोथटला तर त्याला धार लावतों, पातेल्याची कल्हई गेली तर ती पुन्हा करवितों, देवघरांतील मूर्ति भंगली तर तिचें विसर्जन करतों. अवजाराची किंमत त्याच्या कामांत असते, म्हणून तें दुरुस्त करावें. मूर्तीची महती तिच्या अखंडत्वांत असते, म्हणून ती जलाच्या स्वाधीन करावी. हा न्याय सर्वांस पटण्यासारखा आहे. खेळणें मात्र या दोहोंत कोठेंच बसत नाहीं. तें मोडलें म्हणजे मूल रडतें, दोन दिवसांनीं विसरतें, आणि खेळणें अडगळींत जातें. परंतु कांहीं खेळणीं आपल्या धन्याहून अधिक वर्षें जगतात. पाऊणशें किंवा शंभर वर्षांनीं तीं एकाद्या माळ्यावरून खालीं येतात, आणि ज्याच्या हातीं पडतात त्याला आपलें काय करावयाचें हें ठरविणें भाग पाडतात. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण मृतांशीं आणि जिवंतांशीं एकाच वेळीं सचोटीनें कसें वागावें हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे, असें मला वाटतें.

उदाहरणादाखल वाफेवर चालणारें खेळण्यांतलें इंजिन घेऊं. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहर अशा खेळण्यांविषयीं प्रसिद्ध होतें. तेथील बिंग बंधूंचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतील मोठ्यांत मोठ्या खेळण्यांच्या कारखान्यांत गणला जात असे. १९३० नंतरच्या आर्थिक मंदींत तो बुडाला. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें जेफ्री मॅलिन्स यानें १९३७ च्या सुमारास अशीं इंजिनें करण्यास आरंभ केला, आणि तीं पुढें 'मामोड' या नांवानें तेथील पुष्कळ घरांत गेलीं. या इंजिनांची रचना साधी असते. आडवा पितळी बॉयलर, त्याखालीं स्पिरिटचा दिवा, शेजारीं अंगठ्याएवढा सिलिंडर, आणि एक जड चाक. पुष्कळ नमुन्यांत वाफ आंत-बाहेर सोडण्यासाठीं निराळ्या झडपा नसतातच. सिलिंडर स्वतःच एका खिळीवर डोलतो. डोलतांना त्याच्या पाठीवरील छिद्र एकदां वाफेच्या वाटेसमोर येतें आणि एकदां बाहेर जाण्याच्या वाटेसमोर. एक भाग पाण्यापासून साधारण हवेच्या दाबाखालीं सोळाशें भागांहून अधिक वाफ होते, आणि ज्या शक्तीनें आगगाड्या व गिरण्या चालल्या ती शक्ति मुलाच्या मेजावर टकटक करूं लागते.

असें इंजिन दोन पिढ्यांनंतर हातीं येतें तेव्हां त्याची अवस्था केविलवाणी असते. पितळ काळवंडलेलें, बॉयलरच्या पोटांत क्षारांचा थर, सिलिंडर जुन्या तेलानें घट्ट चिकटलेला, खालच्या पत्र्यावर गंज, आणि रंगाचे पापुद्रे निघालेले. दुरुस्त करणाऱ्याच्या मनांत पहिला मोह उत्पन्न होतो तो तें नवें करून टाकण्याचा. आणि तें फारसें अवघडहि नाहीं. सौम्य आम्लानें क्षार सुटतो, घांसून पितळ सोन्यासारखें चकाकतें, जुना रंग खरवडून नवा देतां येतो, हरवलेल्या शिटीच्या जागीं नवी बसवितां येते.

तथापि रंगाबरोबर आणखी काय गेलें हें पाहिलें पाहिजे. बिंग यांच्या मालावर पहिल्या महायुद्धापर्यंत एक चिन्ह असे व युद्धानंतर दुसरें आलें. त्या बोटभर चिन्हावरून वस्तूचें वय कळतें. तें खरवडलें कीं तो पुरावा नाहींसा झाला. शिवाय एका सिलिंडरचें इंजिन बहुधा आपण होऊन सुरू होत नाहीं. वाफ भरली म्हणजे चाकाला बोटानें टिचकी द्यावी लागते. म्हणून चाकाच्या कडेवरील रंग झिजलेला असतो. ती झीज कोणा मुलाच्या बोटाची आहे. त्या मुलाचें नांव कोणास ठाऊक नसतें, आणि तो म्हातारा होऊन वारलाहि असेल. जगांत त्याची एवढीच खूण उरली असण्याचा संभव आहे. ती पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा वाद नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील जुन्या प्रार्थनामंदिरांविषयीं तो मोठ्या हिरिरीनें झाला. फ्रान्समधील व्हिओले-ल-द्यूक याचें मत असें होतें कीं, वास्तूचा उद्धार करणें म्हणजे तिला पूर्णत्वास नेणें. मग तें पूर्णत्व पूर्वीं एकाद्या क्षणीं प्रत्यक्ष अस्तित्वांत नसलें तरी चालेल. उलट इंग्लंडांत रस्किन यानें १८४९ सालीं अशा उद्धाराला सरळ विध्वंस म्हटलें, आणि विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं जुन्या इमारतींचें रक्षण करण्यासाठीं संस्था स्थापिली. तें रक्षण मुख्यतः उद्धारकांपासूनच करावयाचें होतें. पहिल्या पक्षाचें प्रेम वस्तूच्या कल्पनेवर होतें, दुसऱ्याचें तिच्या आयुष्यावर. खेळण्याच्या बाबतींत मला दुसरा पक्ष अधिक जवळचा वाटतो. परंतु तो जशाचा तसा घेतां येत नाहीं. भिंत नुसती उभी राहिली तरी भिंतच असते. इंजिनाचें इंजिनपण चालण्यांत आहे. कांचेच्या कपाटांत निश्चल बसलेलें इंजिन गंजापासून वांचतें खरें, पण ज्यासाठीं तें घडविलें गेलें त्या गोष्टीला तें कायमचें मुकतें.

येथें तत्त्वज्ञ एक शंका काढील. भाग बदलत गेले तर इंजिन तेंच राहिलें असें कशावरून? प्लूटार्कनें थीसिअसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. अथेन्सचे लोक कुजलेली फळी काढून नवी बसवीत, आणि जहाज तेंच कीं दुसरें याविषयीं पंडित भांडत. हॉब्स यानें सतराव्या शतकांत त्यांत भर घातली: काढलेल्या फळ्या कोणी जमवून पुन्हा जोडल्या तर खरें जहाज कोणतें? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' ग्रंथांत नागसेन राजाला विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. आणि रथ हें अवयवांच्या मेळाला दिलेलें व्यवहाराचें नांव आहे, असा निर्णय होतो. हा निर्णय मला मान्य आहे. परंतु दुरुस्त करणाऱ्याची अडचण त्यानें सुटत नाहीं, उलट स्पष्ट होते. नांव जर व्यवहाराचें असेल, तर तें नांव उच्चारून मी दुसऱ्याला काय समजावयास लावतों याची जबाबदारी माझ्यावर येते. 'हें जुनें इंजिन आहे' असें मी म्हणतों तेव्हां ऐकणाऱ्याच्या मनांत जें चित्र उभें राहतें तें खरें आहे काय, एवढाच प्रश्न उरतो. आणि हा प्रश्न वस्तुस्वरूपाचा नसून नीतीचा आहे.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे दुरुस्त करणाऱ्याचीं कर्तव्यें निरनिराळीं होतात, आणि त्यांचा क्रमहि लागतो. पहिलें कर्तव्य जिवंतांचें. अशा अनेक बॉयलरांचे सांधे कथिल व शिसें यांच्या डाखानें जोडलेले असतात. हा डाख सुमारें १८३ अंशांवर वितळूं लागतो. आंत पाणी आहे आणि दाब माफक आहे तोंवर उष्णता १२० अंशांच्या आसपास राहते. पाणी आटलें कीं धातु तापत जातो आणि सांधे सुटतात. दाब वाढला तर वाफ सोडून देणारी सुरक्षेची झडप म्हणजे एक बारीक स्प्रिंग आणि एक बोंडूक. वर्षानुवर्षें पडून ती क्षारानें अडकते. जुनी झडप मूळची आहे, दुर्मिळ आहे, म्हणून तीच ठेवून इंजिन पेटविणें हें प्राचीनतेवरील प्रेम नव्हे. तो शेजारीं बसलेल्या मुलाच्या डोळ्यांशीं खेळ आहे. स्पिरिटची ज्योत उजेडांत नीट दिसतहि नाहीं. ही जोखीम ओळखून पुढें मामोडच्या कारखान्यानेंच स्पिरिटच्या दिव्याऐवजीं घन इंधनाच्या वड्या दिल्या. जुन्या रंगांत शिसें व जुन्या बंधनांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. जेथें इजेचा प्रश्न आहे तेथें नवें घालावें, बॉयलर आधीं थंड पाण्याच्या दाबानें तपासावा, आणि तो टिकत नसेल तर इंजिन पेटवूं नये. मेलेल्यांचा मान जिवंतांच्या जिवावर राखूं नये.

दुसरें कर्तव्य मृतांचें, म्हणजे करणाऱ्याचें आणि खेळणाऱ्याचें. जी झीज कोणास अपाय करीत नाहीं ती राहूं द्यावी. गंज थांबवावा, पण पोंचा काढूं नये. सिलिंडरची पाठ खरवडली असेल तर ती कांचेवर बारीक भुकटीनें घांसून सपाट करावी लागते, नाहींतर वाफ गळते; परंतु अशा प्रत्येक घांसण्यांत मूळ धातूचा थोडा अंश जातो, आणि तो परत येत नाहीं. दुरुस्ती ही देखील एक प्रकारची झीज आहे, हें ज्याला उमगलें तो लागेल तेवढेंच घांसतो.

तिसरें कर्तव्य पुढच्या धन्याचें. चकचकीत केलेलें इंजिन 'मूळ अवस्थेंतील' म्हणून विकणारा मनुष्य हातानें खोटें बोललेला नसतो. त्याचें खोटें त्याच्या मौनांत असतें. काय बदललें, केव्हां बदललें हें एका चिठ्ठीवर लिहून, काढलेली झडप व मोडकी स्प्रिंग पुडींत बांधून इंजिनाबरोबर द्यावी, एवढ्यानें हा दोष नाहींसा होतो. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेनें वास्तूंसाठीं हाच नियम घालून दिला कीं, नवा भाग जुन्याशीं जुळावा, पण ओळखूं यावा. आपल्याकडेहि देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यानें कधीं कधीं शिलालेख बसविला आहे. त्यांत कीर्तीची हांव असेल. पण त्याबरोबर येथें जुनें संपून नवें सुरू झालें याची कबुलीहि असते.

आतां कोणी म्हणेल, हा सर्व खटाटोप एका खेळण्यासाठीं? रिकाम्या वेळेचा हा विलास आहे. या आक्षेपाला जेम्स वॉटचें उदाहरण देण्याची चाल आहे. ग्लासगो विद्यापीठाजवळ न्यूकोमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृति होती. ती नीट चालेना म्हणून १७६३ च्या सुमारास वॉटकडे दुरुस्तीस आली. ती चार टोले घेऊन थांबे, कारण बॉयलरची वाफ संपून जाई. वॉटनें ती चालती केली, परंतु तेवढ्यावर तो थांबला नाहीं. वाफ जाते कोठें हें त्यानें शोधलें. दर टोल्याला थंड पडणारा सिलिंडर पुन्हा तापविण्यांत ती वाया जाते, आणि सिलिंडर लहान म्हणून हा तोटा अधिक, हें त्याला दिसलें. त्यांतून १७६५ सालीं स्वतंत्र शीतकाची कल्पना निघाली आणि १७६९ सालीं तिचें पेटंट झालें. प्रतिकृति आजहि ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत आहे.

गोष्ट खरी आहे. पण तिच्यावर फार भार टाकूं नये. प्रत्येक दुरुस्तींतून शोध निघत नाहीं, आणि उपयोगाच्या आशेनें केलेल्या कामाला आपण येथें शोधीत असलेला गुण लागू पडेलच असें नाहीं. वॉटच्या उदाहरणाचा माझ्या मतें खरा बोध इतकाच कीं, त्यानें यंत्राला आपल्या मनाप्रमाणें चालविण्याची घाई केली नाहीं. तें कां थांबतें हें त्याच्याकडूनच शिकून घेतलें. वस्तूचें म्हणणें ऐकून घेण्याची ही संवय लहान वस्तूवरच लागते. जो माणूस खेळण्याच्या बाबतींत, जेथें कोणी पाहत नाहीं व कोणी जाब विचारणार नाहीं तेथें, बदललेली झडप लिहून ठेवतो, त्याच्या हिशेबाच्या वहीवर विश्वास ठेवण्यास मला हरकत वाटत नाहीं.

म्हणून जुनें इंजिन चालवावें, पण क्वचित्. मुलाला जवळ बसवावें, पण दिवा मोठ्या माणसानें लावावा. आणि टिचकी मात्र मुलाला देऊं द्यावी. त्यानें चाकाचा रंग आणखी थोडा जाईल. तेवढी झीज चिठ्ठींत लिहिण्याची गरज नाहीं.