खलनायक मेला, की आपण सुटलो?

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये (१९९३) जेवणाच्या टेबलावरचा एक प्रसंग आहे. उत्तम मासे वाढलेत, भिंतींवर डायनासोरांच्या उद्यानाच्या भावी योजनांची चित्रं झळकताहेत आणि जेवणाकडे कुणाचंच लक्ष नाही. वकील नफ्याची स्वप्नं रंगवतोय. गणिती माल्कम संतापलाय. वनस्पतींची जाणकार एली सॅटलर दाखवून देते, की याच इमारतीत लावलेली काही झाडं विषारी आहेत. दिसायला छान म्हणून ती निवडली. या प्रसंगात एकही डायनासोर नाही, तरी चित्रपटाचा जीव इथेच आहे.

कारण समोर बसलेला उद्यानाचा मालक जॉन हॅमंड दुष्ट नाही. नातवंडांवर माया करणारा आजोबा आहे. उद्यान फक्त श्रीमंतांसाठी नसावं, असं त्याला मनापासून वाटतं. पैशासाठी फितूर झालेला उद्यानाचा कर्मचारी नेड्री कुंपणांची वीज बंद करतो, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी हुशार शास्त्रज्ञांनी डायनासोरांच्या डीएनएमधल्या फटी बेडकाच्या डीएनएने बुजवल्या होत्या आणि सगळ्या माद्याच जन्माला घातल्या म्हणजे प्रजा वाढणार नाही, असं गृहीत धरलं होतं. जंगलात फुटलेली अंडी सापडतात ती नेड्रीमुळे नव्हे. भल्या माणसांच्या घाईतूनही अनर्थ होतो, हे हा चित्रपट सांगतो, आणि म्हणून तो आपल्यालाही लागू पडतो.

२०२५चा ‘ज्युरासिक वर्ल्ड : रीबर्थ’ मूळ चित्रपटाच्या पटकथाकारांपैकी एक असलेल्या डेव्हिड केपनेच लिहिलाय, म्हणून अपेक्षा ठेवणं रास्त होतं. सुरुवात दमदार आहे. लोकांना डायनासोरांचा कंटाळा आलाय. न्यूयॉर्कमध्ये मरायला टेकलेलं एक अवाढव्य जनावर रस्ता अडवून पडलंय आणि माणसं वाहतूक खोळंबली म्हणून वैतागलीत. पुढे मात्र सगळं पाप औषध कंपनीच्या एका स्वार्थी माणसाच्या माथी मारलं जातं. अक्राळविक्राळ प्राणी त्याला संपवतो, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. मूळ चित्रपटाच्या तोडीचं यात तंत्र आहे, धाडस नाही.

मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. या कथेत एक खरा प्रश्न होता. तीन महाकाय प्राण्यांच्या रक्तापासून हृदयविकारावर औषध बनणार आहे. ते कुणाच्या मालकीचं? हा काल्पनिक वाद नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली, की कोविडच्या काळापुरते लशी-औषधांवरचे पेटंट हक्क बाजूला ठेवा. जून २०२२मध्ये निर्णय झाला, तोही लशींपुरता आणि बराच आखडता. मधल्या काळात किती माणसं गेली, ते आपण घराघरांत पाहिलंय. आणि चित्रपट हा प्रश्न चार वाक्यांत उरकतो : औषध सगळ्या जगाला देऊन टाकू. देणार कसं, बनवणार कोण, कंपनी गप्प बसेल का, याचा पत्ता नाही. इथे त्या जेवणाच्या टेबलासारखा प्रसंग हवा होता.

जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या त्या समाजात वैज्ञानिक दृष्टी रुजावी म्हणून. त्या वाचत वाढलेल्या मराठी पालकांनी हा चित्रपट पाहिल्यावर मुलांना नुसतं ‘मजा आली का?’ विचारून थांबू नये. ते औषध कुणाला मिळायला हवं होतं आणि त्यासाठी कुणाला काय सोडावं लागलं असतं, हेही विचारावं. दहा वर्षांचं मूलसुद्धा यावर तावातावाने बोलतं.