दिवा विझला, हवा भरली का?



कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांना हा अनुभव असेल. तापमान साधारण ५.५ अंश सेल्सियसने उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे १ पौंडाने घटतो. कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडी सुरू करताच इशाऱ्याचा पिवळा दिवा लागतो. काही अंतर धावल्यावर टायर तापतात, दाब वाढतो, दिवा विझतो. मग इशारा खोटा होता काय? नाही. हवा कोणीच भरलेली नसते. म्हणूनच दाब टायर थंड असताना मोजतात.

सदसद्विवेकबुद्धीचेही तसेच आहे. भावाशी धरलेला अबोला पहाटे टोचतो. दिवसाच्या धावपळीत टोचणी थांबते. पण टोचणी थांबली म्हणजे समेट झाला, असे नव्हे. पापनिवेदनाआधी घटकाभर शांत बसून मन तपासू या. आणि मग भावाचे दार ठोठावू या.