शेगडीपाशी उभा असलेला माणूस

मेहमाननवाजी हा आपल्या समाजाच्या अभिमानाचा विषय. घरात कमी असो वा जास्त, पाहुणा उपाशी जाता कामा नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही मेहमाननवाजी कोणाच्या हातून घडते आणि कोणाच्या नावावर जमा होते, हे आपण सहसा विचारत नाही. मीही विचारले नव्हते. गेल्या हिवाळ्यात मुळशीतल्या एका दावतीत हा प्रश्न समोर आला आणि अजून पाठ सोडत नाही.

माझा मामेभाऊ काही वर्षे अमेरिकेत राहून आला. आता हिंजवडीत नोकरीला आहे. मुळशी धरणाच्या काठावरचे एक घर दोन दिवस भाड्याने घेऊन त्याने सगळ्या नातलगांना बोलावले. रात्री ‘हिबाची पार्टी’ होती. पुण्याहून शेफ आपला तवा, गॅस आणि सुऱ्या घेऊन येणार आणि आमच्यासमोर अंगणात स्वयंपाक करणार!

‘हिबाची’ हा मूळ जपानी शब्द. ‘हि’ म्हणजे अग्नी आणि ‘बाची’ म्हणजे भांडे. थंडीत ऊब देणारी कोळशाची शेगडी, आपली अंगीठीच म्हणा. पाहुण्यांसमोर लोखंडी तव्यावर भाजण्याच्या पद्धतीला जपानमध्ये ‘तेप्पान्याकी’ म्हणतात. १९४५ साली कोबे शहरातल्या एका हॉटेलवाल्याने ती सुरू केली असे मानतात. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला ‘बेनिहाना’ हॉटेल निघाले, तेव्हा तिला तमाशाची जोड मिळाली. अमेरिकेत लोक तिलाच हिबाची म्हणू लागले. पुढे शेफ लोकांच्या अंगणातही जाऊ लागले.

आमचा शेफ पंचविशीतला मुलगा होता. कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्याने ज्वालामुखी केला, उलथन्यावर अंडे झेलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सगळ्यात आनंद वाटला तो भाभीकडे पाहून. आमच्या घरी दावत म्हणजे भाभी पहाटेपासून चुलीपाशी. त्या रात्री ती सर्वांबरोबर बसून गरम घास खात होती. हे दृश्य मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

जेवणापूर्वी आम्ही चौकशीही नीट केली. कोंबडी हलाल दुकानातली आहे ना, सॉसमध्ये दारू नाही ना, असे तिघांनी वेगवेगळे विचारले. त्याने तिघांना शांतपणे उत्तर दिले.

साडेदहाच्या सुमारास मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. तो तिथे तवा खरवडत बसला होता. मी सहज विचारले, “तुम्ही जेवलात का?” तो म्हणाला, “घरी जाऊन बघू, मॅडम. वासानेच पोट भरतं आमचं.”

मी जागीच थबकले. हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. ईदच्या दिवशी सर्वांची ताटे उचलून झाली की आम्ही अम्मीला जेवायला बस म्हणायचो. ती म्हणायची, “खुशबू से ही पेट भर गया.” आणि आम्ही ते खरे मानायचो. खरे मानणे आमच्या सोयीचे होते.

गोश्त हलाल आहे का, हे आम्ही तीनदा विचारले. भाजणारा जेवला का, हे जेवण उरकेपर्यंत एकदाही नाही.

मामेभावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आपा, त्याला पूर्ण पैसे दिलेत, वर बक्षीसही दिलं.” त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्याने पाळली. पण दुसरीही एक शिकवण आहे. खादिम जेवण घेऊन आला तर त्याला जवळ बसवा, निदान एक-दोन घास तरी द्या. कारण त्या अन्नाची आच त्याने सोसली आहे. मजुरी कामाची असते. घास दिला जातो तो सोसलेल्या आचेसाठी. एक दिल्याने दुसरे फिटत नाही.

पैसे दिल्याने हिशेब मिटतो का, हा प्रश्न या खोऱ्यालाही नवा नाही. सेनापती बापटांनी नेतृत्व केलेला १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह टाटांच्या धरणाविरुद्ध होता. अखेर धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. ज्या पाण्याकडे बघत आम्ही जेवत होतो, त्याच्या तळाशी कोणाच्या तरी चुली आहेत.

मग पुन्हा घरीच रांधावे का? मला तसे वाटत नाही. ‘आमच्या वेळी घरच्या बायका पन्नास माणसांचं करायच्या,’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी त्या बायका किती वाजता जेवायच्या हेही सांगावे. हजरत इब्राहीम (अ.) यांनी अनोळखी पाहुण्यांसमोर भाजलेले वासरू ठेवले, ही हकिकत आपण मेहमाननवाजीचा आदर्श म्हणून सांगतो. कुरआनात त्या प्रसंगी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या असा उल्लेख येतो. हा धडा मी वर्गात किती वेळा शिकवला असेल. पण त्या उभ्या होत्या, इकडे माझे लक्ष गेले नव्हते.

आचेपाशी कोणीतरी उभे राहणारच. काल अम्मी होती, आज भाड्याने आलेला मुलगा आहे. भाभी बसली याचा आनंद खराच आहे, पण तिची जागा रिकामी राहिली नाही, तिथे दुसरा उभा राहिला. म्हणून दावतीची कसोटी कोणी रांधले ही नाही. रांधणाऱ्याला जेवणाऱ्यांत मोजले की नाही, ही आहे.

त्या रात्री मी ताट वाढून आणले. तो म्हणाला, पाहुण्यांत बसायची आम्हाला परवानगी नाही. मग मी जेवण डब्यात भरून दिले. त्याने घेतले आणि मोटारसायकलवरून पुण्याकडे निघून गेला. मला हलके वाटायला हवे होते, पण वाटले नाही. डबा देणे सोपे होते. सर्वांसमोर खुर्ची ओढून ‘बसा’ म्हणणे मला जमले नाही.

यंदाच्या ईदला मी अम्मीला आमच्याबरोबर दस्तरखानावर बसवले. ती तीनदा उठली, मी तीनदा बसवले. शेवटी तिने निमूटपणे जेवण केले. भरपूर जेवली.