टाकीला एक रात्र दे

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

चि. भाचीस,


घरी केलेली पहिली बिअर केगमध्ये भरलीस, त्याचा फोटो पाहिला. रंग सुरेख उतरलाय. पण माझी नजर मागच्या गॅसच्या टाकीवरच खिळली. ती आडवी ठेवली होतीस. म्हणून हे पत्र.

आधी टाकी उभी कर आणि कलंडणार नाही अशी पट्ट्याने बांध. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. टाकी आडवी असली की वायूऐवजी तो द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि रेग्युलेटर गोठून खराब होतो. गाडीतून आणतानाही तेच, शिवाय उन्हात गाडीत टाकी विसरायची नाही.

आता माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. एका शनिवारी रिकामी टाकी देऊन भरलेली आणली. रेग्युलेटर जिथे टाकीला जोडतात, त्या नटात एक पातळ वॉशर असतो, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा. तो जुन्या टाकीच्या तोंडाला चिकटून दुकानात परत गेला होता. मी न बघताच पान्याने नट आवळला आणि टाकी तळघरातल्या डीप फ्रीझरमध्ये, केगशेजारी ठेवली. सकाळी झाकण उघडून काटा बघायला आत वाकलो. सोडा नाकात गेल्यावर बसतो तसा झणका बसला, डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचा श्वास घेववेना. मागे सरलो, जिना चढून वर आलो, खिडक्या उघडल्या. काटा शून्यावर होता. रात्रभर सगळा गॅस त्या फ्रीझरमध्ये साचत राहिला होता.

तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात गॅस गळला तर घरभर वास यायचा. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, माणसाला कळावं म्हणून. आपल्या या गॅसला ना वास, ना रंग. हवेपेक्षा तो सुमारे दीडपट जड, त्यामुळे खड्ड्यात, तळघरात, फ्रीझरच्या पेटीत साचतो. हिशोब करून बघ. तुझी पाच पौंडांची टाकी, म्हणजे सव्वादोन किलो गॅस. तो सगळा बाहेर आला तर सव्वा घनमीटर होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट उंच अशा बंद खोलीत हवेचे साडेपाच टक्के. चार टक्क्यांनाच इथे जिवाला धोका मानतात. म्हणून फ्रीझरचं झाकण उघडलंस की लगेच डोकं आत घालू नकोस, आणि टाकी असेल तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारा अलार्म लाव. धुरासाठी किंवा कार्बन मोनॉक्साइडसाठी असलेला अलार्म इथे उपयोगाचा नाही.

गळती शोधायला फार काही लागत नाही. नवी टाकी आणलीस की वॉशर आहे ना, चिरलेला नाही ना, ते बोट लावून बघ. काही रेग्युलेटरना तो आतच बसवलेला असतो. तिथे दुसरा घालायचा नाही. रेग्युलेटरची चावी पूर्ण सैल कर, चेहरा बाजूला ठेव आणि टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघड. मग चावी आवळून नळीत दाब येऊ दे. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लाव. बुडबुडा फुगला की गळती सापडली. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून टाकीचा दाब दाखवणाऱ्या मोठ्या काट्याचा आकडा लिहून ठेव आणि झोप. सकाळी खोलीचं तापमान तेच असून काटा उतरला असेल, तर कुठेतरी गळतंय. केगची परीक्षा मात्र रिकाम्या केगवर घे, कारण गार बिअर स्वतःच गॅस पिते आणि काटा उगाच खाली येतो. झाकणाशी बुडबुडे आले तर दाब सोडून मोठी रबरी रिंग काढ, तिला खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीस बोटाने पातळ लाव आणि परत बसव. पोस्ट, म्हणजे केगला नळी जोडायची तोंडं, त्यांच्याखालच्या छोट्या रिंगांचंही तसंच. पण केगमध्ये दाब असताना पोस्टला पाना लावायचा नाही. आधी झाकणावरच्या व्हॉल्व्हची कडी ओढून सगळा गॅस सोड.

गॅस किती उरला, हे मोठ्या काट्याला विचारू नकोस. आत थेंबभर द्रव असेतोवर एकवीस अंश सेल्सियसला तो साधारण 840 पीएसआयच दाखवणार, आणि फ्रीजमध्ये ठेवलीस की 550 च्या आसपास येणार. टाकी वजनकाट्यावर ठेव. मानेजवळ ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. ते वजा कर. उरला तो गॅस. एका केगची बिअर फसफसायला शंभर ग्रॅमही लागत नाही. टाकी दोन-तीन केगमध्ये संपली, तर ती बिअरने संपवलेली नाही.

आणखी एक. केगमध्ये तीस पीएसआय असताना रेग्युलेटर दहावर आणलास, तर बिअर उलट नळीत चढते. आधी केगमधला दाब सोड, मग नळी जोड. नळीत चेक व्हॉल्व्ह बसवून घे आणि केग गळ्यापर्यंत भरू नकोस. तरीही बिअर चढलीच, तर टाकी बंद कर, दाब सोड, नळी कोमट पाण्याने धू. रेग्युलेटरच्या आत बिअर गेली असेल तर तो चिकट होऊन अडकतो. स्वतः उघडण्याची खात्री नसेल तर सरळ नवा घे. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने हा छंद घरात करायला मुभा मिळाली. पुण्याला गेलीस की मात्र हात आवर. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही.

बिअर पिकायला तू तीन आठवडे थांबलीस. टाकीसाठी एक रात्र थांब. आज साबणाचं पाणी लाव, आकडा लिहून ठेव, आणि सकाळी काटा कुठे आहे ते मला कळव. मी फोनजवळच असेन.

तुझा,
मामा