कौतुक उसनं देऊ नये

शाळेत चमकलेलं मूल पुढे मागे पडलं, की आपण चटकन म्हणतो, "वाया गेलं." खरंच का?

जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा लेक देशभर गाजला. पण मैदानाची एक बाजू आखूड होती, समोरची कित्येक मुलं त्याच्याहून लहान होती. वरच्या पायरीवर सगळेच आपापल्या शाळेचे हिरे! तिथे धावा आटल्या. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती; 2017 मध्ये वडिलांनीच ती थांबवा असं कळवलं.

मला यात हार दिसत नाही. धावा त्याच्या होत्या. मोठा खेळाडू होण्याचं वचन मात्र त्याने कुणाला दिलं नव्हतं; ते आपणच त्याच्या नावावर लिहून घेतलं.

आमच्या बोरगावातही दहावीत पहिली आलेली पोर कॉलेजात साठ टक्क्यांवर आली, की आयाबाया कुजबुजतात. बायांनो, मुलांचं कौतुक भरभरून करावं, पण उसनं देऊ नये. नाहीतर मूल ते जन्मभर फेडत बसतं.