नळ आला, तळे सुटले

रायपूर हे मुळात तळ्यांचे गाव. बुढा तलाव, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा ही नावे आजही पत्ता सांगताना तोंडी येतात. रजबंधा हेही नाव येते; पण तिथे आता पाणी नाही, मैदान आहे आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. अशी तळी का गेली, याचे उत्तर आपल्याकडे तयार असते: लोकसंख्या वाढली, जमिनीला भाव आला, माणसाची हाव वाढली. ते खोटे नाही. तरीही या शहराच्या पाण्याचा इतिहास क्रमाने लावून पाहिला, की मला दुसरे कारण अधिक खोल वाटते. तळी गेली ती लोकांनी ती वापरायची सोडली म्हणून.

छत्तीसगडच्या मैदानात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळून जातो. ‘भाटा’ म्हणतात ती मुरमाड लाल जमीन पाणी धरत नाही. त्यात पीक भाताचे. पाणी अडवल्याशिवाय इथे गाव वसणेच कठीण. ब्रह्मदेव या कलचुरी राजाच्या काळातला १४०२ चा शिलालेख रायपूरचा आहे, आणि बुढा तलावही परंपरेने त्याच सुमाराचा मानला जातो. एखाद्या गावाची थोरवी सांगताना तिथे ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तळी होती, असे सांगायची छत्तीसगढी रीत आहे. हा आकडा कुणी मोजून ठेवलेला नाही. तळी किती असली म्हणजे गाव सुखी, याचा तो लोकांनी धरलेला अंदाज आहे.

तळे खोदून झाले की मधोमध लाकडी खांब रोवून त्याचे लग्न लावत. लग्नाआधी पाण्याला हात लावायचा नाही. नंतर मात्र सगळे तिथेच. पचरीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांवर, अंघोळ आणि धुणे. केस धुवायला चिकणमाती. उतरत्या काठाने गुरे पाण्यात. केवट-ढीमरांची जाळी, शिंगाड्याचे वेल, मृताच्या दहाव्याचे स्नान, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोजलीचे विसर्जन, दिवाळीत गौरा-गौरीचे. या साऱ्या वहिवाटीला महसुली कागदात ‘निस्तार’ म्हणतात, आणि भंडारा-गडचिरोलीच्या वाचकाला तो समजावून सांगायला नको.

या वापरातच राखण होती. रोज गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या बाईला पातळी कधी घसरली, वास कधी येऊ लागला, कुणी बांध फोडला, हे कुठल्याही अधिकाऱ्याआधी कळते. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ शेतात जाई, शेताला खत मिळे आणि तळे खोल राही. ही व्यवस्था न्यायाची होती असे मात्र म्हणवत नाही. घाट जातीजातींचे वेगळे होते, आणि बेगारीने खणलेल्या तळ्यांचे श्रेय मालगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाच्या, नावावर जमा झाले.

म्हणून नळाचे स्वागतच करायला हवे होते आणि ते झालेही. १८९२ मध्ये राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून खारून नदीचे पाणी रायपुरात आले. पटकीच्या त्या काळात स्वच्छ पाणी म्हणजे वाचलेले जीव. पण पाणी साठवायचे नि जपायचे असते या समजुतीच्या शेजारी, पाणी कुठून तरी येते ही समजूत तेव्हापासून रुजू लागली.

पुढची पायरी कालव्याची. धमतरीजवळच्या कंडेलच्या शेतकऱ्यांवर १९२० मध्ये सरकारने कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवला, दंड ठोकला, जनावरे जप्त केली. छोटेलाल श्रीवास्तव, सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले यांनी सत्याग्रह उभारला. जप्त केलेली जनावरे आठवडी बाजारांत लिलावाला आणली, तर बोली लावायला कुणी पुढे येईना. अखेर दंड रद्द झाला. तरी पाण्याचा मालक सरकार आणि शेतकरी गिऱ्हाईक, ही मांडणी कायम राहिली.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. आपल्याकडचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, आणि छत्तीसगडातली मालगुजारांची तळी तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याच्या एकाच कायद्याने सरकारजमा झाली. जमीनसुधारणा रास्तच होती. फक्त गाळ कुणी काढायचा, या प्रश्नाला तेव्हापासून पक्का धनी उरला नाही. मग भिलाईचा पोलाद कारखाना आला, १९७० च्या दशकाअखेर महानदीवर गंगरेल धरण झाले आणि रायपूरचे पाणी नव्वदेक किलोमीटरवरून येऊ लागले. आणि १९९८ मध्ये दुर्गजवळ शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा बावीस वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती गेला, काठच्या गावकऱ्यांच्या मासेमारीवर बंदी आली. लोक संतापले आणि तो संताप योग्यच होता. पण मला वाटते, शिवनाथ १९९८ ला एकदम विकली गेली नाही. पाणी म्हणजे पुरवठा, हे आपण शंभर वर्षे मान्य करत आलो होतो. पुरवठ्याला ठेकेदार मिळाला, इतकेच.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की सामायिक कुरण सगळे ओरबाडतात, म्हणून ते उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले की लोक नियम करून सामायिक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात; त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. रायपूर ऑस्ट्रॉम यांच्या बाजूने साक्ष देते आणि एक पुरवणीही जोडते: वापरणारे निघून गेले की नियमही निघून जातात. मग त्या रिकाम्या जागेत सांडपाणी येते, भराव येतो, किंवा सुशोभीकरण येते. तेलीबांध्याला आज लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथे संध्याकाळी फिरणे छान वाटते, पण तिथले पाणी पाहण्यापुरते उरले आहे.

कायदा कमी पडतो असे नाही. हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच तळी ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरवून ती जपायला सांगितले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने निस्तार हा जंगलात राहणाऱ्यांचा सामूहिक हक्क म्हणून नावानिशी मान्य केला. शहरातल्या तळ्याकाठी राहणाऱ्यांना असा हक्क नाही. तो मिळाला पाहिजे. कोणत्या घाटावर अंघोळ, कुठे जाळे, कुठे विसर्जन, हे महापालिकेच्या नोंदीत यावे, आणि तळ्याचे काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी त्यात माणूस अंघोळ करू शकतो का, ते तपासावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कितीतरी मामा तलाव अजून वापरात आहेत. तिथल्या गावांना नळयोजना मिळायलाच हवी. पण नळ येण्याआधी ग्रामसभेत आपल्या तळ्याचा निस्तार लिहून ठेवा.